खारीची गोष्ट कुणाची

आमच्या घरात एजंट हा शब्द म्हणजे जवळजवळ शिवी होती. विम्याचा एजंट ओट्यावर आला की आई आतून कडी लावून घ्यायची आणि आबा, म्हणजे माझे वडील, त्याला पाण्याखेरीज काही विचारायचे नाहीत. सावद्याला आमची केळी होती. शेतकरी आणि दिल्लीचा व्यापारी यांच्या मध्ये इतकी माणसं उभी असायची की प्रत्येकाकडे डोळे बारीक करून बघितलं तरच निभाव लागे. हा संशयी स्वभाव मला बाळकडूसोबत मिळाला. लग्न होऊन जळगावला आले, प्राथमिक शाळेत बाई म्हणून लागले, तेव्हा तो मी जपून बरोबर आणला. दूधवाला, घरमालक, मुख्याध्यापक, कुणालाही मी त्यातून सूट दिली नाही.

आणि नेमकी मला सगळ्यांत जास्त हवी असलेली गोष्ट एका एजंटाच्या हातात जाऊन बसली.

मला माझं नाव पुस्तकावर छापलेलं हवं होतं. त्यात लाजण्यासारखं काही मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. आमच्या शाळेच्या कपाटात मुलांची पुस्तकं होती, पण सगळी पुण्या-मुंबईहून आलेली. त्यांतल्या मुलांचे मामा कोकणात राहायचे आणि सुट्टीत ती समुद्रावर शिंपले वेचायची. माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एकानेही समुद्र पाहिला नव्हता. त्यांना माहीत होतं ते ऊन. आमच्याकडे मार्चपासून सकाळची शाळा भरते आणि मुलं घरी जाताना भिंतीच्या सावलीच्या पट्टीतून एकामागे एक चालतात. तसं चालताना त्यांना पाहूनच मला खारीची गोष्ट सुचली.

एक खार असते. उन्हाने तिची पाठ भाजत असते, म्हणून ती सावली उसनी मागायला निघते. निंबाकडून थोडी घेते, शाळेच्या भिंतीकडून चिंधीएवढी घेते, विहिरीच्या रहाटाकडून गोल तुकडा घेते. सगळे तुकडे शिवून ती सावलीची गोधडी करते आणि तिच्याखाली पिलांना निजवते. संध्याकाळी निंब, भिंत आणि रहाट आपापली सावली परत मागायला येतात. तोवर सगळीकडे अंधार पडलेला असतो. खार म्हणते, ही घ्या, ज्याची त्याने ओळखून न्या. आणि कुणालाच आपली ओळखता येत नाही.

मुलांनी ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगायला लावली की शेवटी मी ती लिहून काढली. मग तिच्या जोडीला आणखी लिहिल्या. वही भरली. ती मी ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवली आणि किल्ली मंगळसूत्राला बांधली.

पुस्तकवाले नाना आमच्या शाळेत आले ते त्याच सुमारास. ते धुळ्याचे. प्रकाशकांच्या याद्या आणि नमुन्याची पुस्तकं एका फुगलेल्या चामडी बॅगेत भरून ते जळगाव-धुळ्याच्या शाळाशाळांतून फिरत, ग्रंथालयासाठी पुस्तकं खपवत. सगळे त्यांना नानाच म्हणायचे. स्वच्छ धोतर, काळी टोपी, आवाज मात्र असा गोड की मी पहिल्याच वाक्याला सावध झाले. मुख्याध्यापकांनी कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं, "आमच्या बाई लिहितात बरं का." हे यांना कुणी सांगितलं, याचा छडा मला कधी लागला नाही.

नाना म्हणाले, "अरे वा! बाई, द्या ना वही. पुण्याचे प्रकाशक माझ्या ओळखीचे आहेत, धुळ्यात पण एक आहेत. लिहिणारा खेड्यात आणि छापणारा शहरात, मधे माझ्यासारखा माणूस लागतोच."

मधे माणूस लागतोच, हे वाक्य मी सावद्याला लहानपणापासून ऐकत आले होते. ते बोलणारा माणूस नंतर काय करतो तेही पाहिलं होतं. मी म्हटलं, वही घरी आहे. ते म्हणाले, मग झेरॉक्स काढून ठेवा. म्हणजे वहीत काय आहे ते आता झेरॉक्सवाल्यालाही दाखवायचं. मी हसून चहा मागवला.

नवरा म्हणाला, "देऊन टाक की. तुझ्या खारीला कोण चोरतंय?" आमचे हे मूळचे धुळ्याकडचे. केळी फक्त खायची असतात एवढंच त्यांना माहीत. मी रविवारी एसटी धरली आणि सावदा गाठलं.

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांनी एका वर्षी व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबून बाग कापला होता आणि स्टेशनवर वॅगन लागलीच नव्हती. कापलेले घड फलाटावर पिवळे पडत गेले आणि व्यापारी नाक दाबून बाजूने चालत गेला. तेव्हापासून आमच्या घरचा कायदा एकच होता, तो त्यांनी मला पुन्हा ऐकवला.

"झाडावर हाय तवर माल आपला. एकदा घड कापला का आपण त्याच्या हातात गेलो. कागद देऊ नको त्याले. त्याले म्हन, अठी ये, माल पाह्य, आन सौदा ठरला का मंगच कापू."

"पण आबा, गोष्टीचा माल बघायचा कसा?"

"वाचून दाखव ना मंग. ऐकल्यानं काय कमी होते का?"

मला ते बिनतोड वाटलं. आमच्याकडे उभ्या बागाला व्यापारी फिरून जातो, घडावर हात फिरवतो, आणि निघून गेला तरी झाडाचं काही जात नाही. वाचून दाखवायचं, कागद द्यायचा नाही, यात कुठे फट असेल असं आम्हा दोघांच्या डोक्यातही आलं नाही. खरं तर आमच्या गल्लीतल्या कुणाच्याही आलं नसतं.

मी नानांना निरोप धाडला. माणूस खरोखरच आला. धुळ्याहून सावद्यापर्यंत, भर उन्हात, दोन गाड्या बदलून. एवढा त्रास कुणी उगाच घेत नाही, म्हणून माझा संशय आणखी पक्का झाला. आईने भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. जेवण झाल्यावर आम्ही बैठकीत बसलो. माझ्या थोरल्या भावाला आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने सहज मागितल्यासारखा नानांच्या खिशातला पेन मागून घेतला, वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी खरडलं आणि पेन स्वतःच्या खिशाला लावला. नानांच्या ते लक्षात आलं असावं. ते फक्त टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले.

मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. आबा त्यांच्या ओठांकडे बघत होते, हलतात का म्हणून. शेजारच्या दोन बायका आणि त्यांची पोरं दारात येऊन बसली होती, त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणीही लक्ष दिलं नाही. पाहुणा बाहेरचा, चोर असला तर तोच असणार.

खारीची गोष्ट संपली आणि नानांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "शेवट पुन्हा एकदा वाचा." मी आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही, मी वाचला. मग त्यांनी विचारलं, "खार आधी निंबाकडे जाते का भिंतीकडे?" हा प्रश्न मला अजिबात आवडला नाही. नुसती गोष्ट आवडली असेल तर क्रम कशाला हवा?

"बाई, सोनं आहे हे," ते उठता उठता म्हणाले. "पण हात हलवत जाऊन मी प्रकाशकाला दाखवू काय?"

"आधी त्यांना हो म्हणू दे," मी म्हटलं. "मग वही."

भावाने त्यांचा पेन परत दिला. ते गेल्यावर आबा समाधानाने म्हणाले, "रिकाम्या हातानं गेला." त्या दिवशी आम्ही सगळेच स्वतःवर खूश होतो.

पुढे कितीतरी महिने काहीच आलं नाही. नाना आमच्या शाळेकडे फिरकलेही नाहीत. मी रोज पोस्टमनकडे बघायचे आणि त्याच्यावरही माझा डोळा असायचा. मग धुळ्याला शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं. तिथे एका शाळेत आम्हाला नमुना पाठ बघायला नेलं. तिसरीचा वर्ग होता. पाठ आटोपल्यावर वर्गातल्या बाईंनी एका चुणचुणीत मुलीला उभं केलं, पाहुण्यांना गोष्ट सांग म्हणाल्या. ती हात मागे बांधून ठसक्यात सुरू झाली.

"एक खार व्हती. तिले भलतं ऊन लागे. ती निंबजोडे गई आनि म्हने, दादा, तुनी सावली माले उसनी दे ना."

माझे कान तापले. निंबानंतर भिंत आली, भिंतीनंतर रहाट आला. क्रम अगदी बरोबर होता. गोष्टीत अंधार पडल्यावर वर्गातली सगळी पोरं तिच्याबरोबर एका सुरात ओरडली, ज्यानी त्यानी वळखी ल्या! बाकीच्या शिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू येत होतं आणि मारावंसंही वाटत होतं, कुणाला ते माहीत नव्हतं. माझी गोष्ट इतकी सुंदर सांगितलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते आणि तिथे मी कुणीच नव्हते.

मी त्या बाईंना विचारलं, ही गोष्ट कुठली? त्या म्हणाल्या, "अहो, ते पुस्तकवाले नाना येतात ना, त्यांनी सांगितली. कुठल्याही शाळेत जातात तिथे सांगतात. मुलं त्यांना सोडतच नाहीत."

प्रशिक्षण तिथेच सोडून मी नानांचं घर शोधत निघाले. धुळ्यातल्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे चोराचं घर सापडायला वेळ लागत नाही, असं मी मनात म्हणत होते. नाना ओसरीवर बसून पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधत होते. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्या खुलण्यानेच मी जास्त भडकले.

"नाना, माझी गोष्ट गावभर वाटलीत तुम्ही!"

"मग काय करू? तुम्ही कागद दिला नाहीत," ते शांतपणे म्हणाले. "प्रकाशकाला तोंडानेच सांगितली. हेडमास्तरांना सांगितली, की असं पुस्तक आलं तर घ्याल का? ते म्हणाले, पोरांना सांगून बघा. पोरांना सांगितली."

"आणि माझं नाव?"

"सांगायचो की. सावद्याकडच्या बाईंची आहे म्हणून. पण गोष्ट संपल्यावर नाव ऐकायला कोण थांबतं?"

ते खरं बोलत होते की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांच्या बायकोने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "बाई, मी तर पाठच केलीय ती." मी चहा घेतला नाही.

नानांनी टोपी घातली आणि मला सरळ त्या धुळ्याच्या प्रकाशकांकडे घेऊन गेले. शाळेच्या वह्या आणि गाइडं छापणारं दुकान, मागे छापखाना. मालक जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ. नाना म्हणाले, "ह्या त्या खारीच्या गोष्टीच्या बाई." मालकांनी मला बसायला खुर्ची दिली.

"सुंदर गोष्ट," ते म्हणाले. "आमच्याकडे भांड्यांना बाई येतात, त्याही सांगतात. अस्सल लोककथा. तुम्हाला कुठे मिळाली?"

"मिळाली नाही. मी केली."

ते हसले, वाईट हेतूने नाही. "बाई, अशी गोष्ट कुणी एकटं माणूस करत नसतं. ही पिढ्यान्‌पिढ्या घासून घासून होते."

मी पिशवीतून वही काढून टेबलावर आपटली; मागे घरी ठेवायला नको म्हणून ती मी प्रशिक्षणालाही बरोबर आणली होती. इतके महिने कुलपात ठेवलेली वही, पहिल्यांदाच परक्या माणसाच्या हातात. त्यांनी दोन पानं चाळली आणि परत माझ्याकडे सरकवली. "लिहून तर कुणीही आणेल. नाना, तुम्हीच नाही का म्हणालात, सावद्याकडून आणलीय म्हणून?"

"बाईंकडून आणली म्हणालो," नाना म्हणाले. "त्यांच्या घरी बसून ऐकली. त्यांचे वडील समोर होते."

"मग वडिलांकडून आली असेल. घराण्यातली."

नाना टोपी सारखी करत राहिले. ते आणखी जोर लावून का बोलले नाहीत, हा प्रश्न मला आजही पडतो. मालकांशी त्यांचा रोजचा धंदा आणि मी कधीतरीची, एवढंच कारण असेल. किंवा त्यांनाही इतक्या वेळा सांगून सांगून ती गोष्ट कुणा एकाची वाटेनाशी झाली असेल. माझा कल पहिल्याकडे आहे.

मालकांनी मग जे देऊ केलं ते असं. मुलांसाठी खानदेशातल्या लोककथांचं पुस्तक काढायचं, खारीची गोष्ट पहिली, वहीतल्या बाकीच्याही घ्यायच्या, सोबत चित्रं. वर माझं नाव, आणि नावाच्या अलीकडे एक शब्द: संकलन. म्हणजे गोळा करणारी.

मी विचार करायला वेळ मागितला आणि सावद्याला गेले. आबांना मी सगळं सांगितलं. माझ्याइतकेच तेही दुखावले होते, पण चूक कुठे झाली हे त्यांना उमगत नव्हतं, आणि मलाही ते बोलून दाखवायचं नव्हतं. शेवटी म्हणाले, "कागद तं आपल्याच जवळ व्हता." मग थोड्या वेळाने, "तू नही म्हणशीन तं तो दुसऱ्या कोनाचं नाव घालीन." माझ्याही मनात तेच होतं. मालकांनी तसं काही सुचवलंसुद्धा नव्हतं, पण मला ते नाव डोळ्यांसमोर दिसत होतं: कुणीतरी दुसरी, धुळ्यातलीच, माझी खार गोळा केलेली. त्या बाईचा मला इतका राग आला की मी धुळ्याला परत जाऊन मालकांच्या कागदावर सही करून टाकली.

पुस्तक निघालं. कव्हरवरची खार फार गुबगुबीत होती, आमच्याकडच्या खारी अशा नसतात. माझं नाव होतं, जाड ठशात. त्याच्या अलीकडचा शब्द बारीक होता, पण माझी नजर आधी तिकडेच जायची. नवऱ्याने पेढे वाटले. आबांनी नाव वाचलं, बोटाने तो शब्द झाकला आणि पुन्हा वाचलं. म्हणाले, "असं चांगलं दिसते." पुस्तक खपलं ते बहुतेक नानांनीच खपवलं असणार. आम्ही त्यानंतर फारसे बोललो नाही. समोर आले तर ते वाकून नमस्कार करायचे, मी पदर सावरून घ्यायचे.

मग नव्वदच्या दशकात, पुस्तक निघून काही वर्षं झाल्यावर, एरंडोलच्या एका शाळेने मला बक्षीस समारंभाला बोलावलं. बक्षीस म्हणून माझंच पुस्तक वाटायचं होतं. प्रमुख पाहुण्या म्हणून मी भाषण केलं. खारीची गोष्ट मीच रचली, हे मी तिथे स्पष्ट सांगितलं, कारण मी ते जाईन तिथे सांगायचे. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हाताऱ्या अक्का नातीचा हात धरून माझ्याकडे आल्या. नातीच्या हातात पुस्तक होतं.

"बाई, पुस्तक चांगलं शे," त्या म्हणाल्या. "पन खार नही व्हती ती. सरडा व्हता."

"अक्का, ही गोष्ट माझी आहे. मी केली."

त्यांनी नातीकडे पाहिलं. नातीने कव्हरवर बोट ठेवून वाचलं, "संकलन." त्यांनी तो शब्द शाळेत विचारून ठेवला असावा. "म्हनजे गोया करेल ना?" अक्का म्हणाल्या. "मनी आजी सांगे माले. तिनी आजी तिले सांगे. सरडाच व्हता."

मी वाद घालणार होते. मग मला वाटलं, आपल्या खारीचा सरडा कुणी आणि कसा केला ते तरी बघू. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सांगा म्हटलं. त्यांनी सुरुवात केली. सरडा निंबाकडे गेला, भिंतीकडे गेला. रहाट आला नाही. त्याऐवजी सरडा एका वारुळाशी गेला आणि वारुळाने त्याला विचारलं, सावली देतो, पण तू मला काय देशील? हे माझ्या गोष्टीत नव्हतं. हे माझ्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. सरडा म्हणाला, मी तुला माझा रंग देतो. कदाचित तिकडे खरोखरच असली गोष्ट होती, माझ्याआधीपासून. कदाचित माझीच फिरून फिरून अशी झाली होती. मला आता ते नको होतं, मला पुढचं हवं होतं. मी पुढे सरकून बसले.

"मग? वारुळाने रंग घेतला?"

अक्का थांबल्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे, पिशवीतून वर आलेल्या पेनाकडे. त्यांचे डोळे बारीक झाले.

"पुढलं नही सांगस मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही छापी टाकशात."

मी पेन काढून लांब ठेवला. शपथ घेतली. हातसुद्धा जोडले. त्यांनी नातीला उठवलं, पदर डोक्यावर घेतला आणि मला नमस्कार करून निघून गेल्या. वारुळाने त्या सरड्याचा रंग घेतला की नाही, ते मला अजून माहीत नाही.